जानकीची पोथी

झुंबरबाई ओट्यावर भाजीची टोपली उतरवायची आणि पहिलं वांगं पाटीत पडायच्या आत कादंबरीचा शेवट सांगून मोकळी व्हायची. कोकिळेनं तिला समजावून पाहिलं, हात जोडून पाहिले, एकदा तर कानांत बोटं घालून ती माजघरात पळाली. झुंबरबाईनं आवाज चढवला आणि शेवट माजघरापर्यंत पोचवला.

"तो शेवटी मरते म्हणे."

"कोण मरते, मावशी?"

"ते मले काय मालूम. कोनी तरी मरते. सुभद्रानं सांगतलं, म्यां तुले सांगतलं. आता गिलके देऊ का दोडके?"

मग कोकिळा ती कादंबरी हातात घेई आणि पहिल्या पानापासून प्रत्येक माणसाकडे संशयानं पाही. हा मरणार, की तो? त्या खेपेला तर शेवटचं पान उलटलं तरी सगळे धडधाकट. पुढच्या बाजाराला तिनं चिडून विचारलं, तेव्हा कळलं की मेला तो सुभद्रेच्या घरचा बैल. दोन निरोप वाटेत एकमेकांत मिसळले होते.

कोकिळा चिखलीची, भगवानराव सरकीवाल्यांची मुलगी. सुभद्रा पळसखेडच्या उकंडरावांची. चिखलीत मामाकडे राहून सुभद्रा शिकली. दोघी एका बाकावर बसल्या, सातवीची परीक्षा बरोबरच पास झाल्या आणि दोघींची शाळाही बरोबरच सुटली. मुलींसाठी पुढचा वर्ग गावात नव्हता, आणि असता तरी घरचे पाठवते की नाही, देव जाणे. कोकिळा घरात राहिली, सुभद्रा आपल्या गावी गेली. मधे तीन कोसांची वाट होती आणि त्या वाटेवर झुंबरबाई. दर बाजाराच्या दिवशी ती पळसखेडची भाजी चिखलीत आणी. जाताना नाहीतर येताना, टोपलीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली एक कादंबरी असे; कधी कोकिळा आधी वाचे, कधी सुभद्रा.

चिठ्ठी मात्र पाठवता येत नसे. वयात आलेल्या मुलीच्या नावानं कागद आला की तो आधी उकंडराव वाचणार, आणि त्यांचं वाचन एकेक अक्षर लावत, चार घरांना ऐकू जाईल असं. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहावं, तर वाचनालयाचे चिटणीस शालिग्रामजी परत आलेलं प्रत्येक पान उजेडात धरून तपासत. म्हणून कोणती कादंबरी कशी, हे कळवायला दोघींनी स्वैपाकातले शब्द ठरवले होते. कंटाळवाणी ती आळणी. रडवणारी ती कांद्याची. छाती धडधडायला लावणारी ती ठेच्याची. असले शब्द झुंबरबाईच्या तोंडी सहज बसतील, अशी त्यांची समजूत. पण भाजीवाली ती भाजीवाली. 'ही कांद्याची आहे, नक्की घे' हा निरोप घेऊन ती पळसखेडला गेली आणि सुभद्रेच्या आईच्या सुपात पायलीभर कांदे ओतून आली.

पुस्तकं आणण्याचं काम भगवानरावांचं. बायकामुलींनी वाचनालयाची पायरी चढायची रीत नव्हती. मुलगी वाचते ह्याबद्दल त्यांना ना कौतुक ना तक्रार. कोकिळा सकाळी नाव सांगे, संध्याकाळपर्यंत ते विसरत, आणि मग कपाटापुढं उभं राहून सरकीचं पोतं उचलून बघावं तसं हातावर तोलून जे जड लागेल ते घेऊन येत. "पातळ आणून काय फायदा? लगेच संपते," असं त्यांचं म्हणणं. तीन भागांच्या कादंबरीचा नेमका दुसरा भाग तिनं असाच वाचला. एकदा नागपूरच्या सरकारच्या शेतकी खात्याचा अहवाल आला. तोही तिनं वाचला. सुभद्रेला पाठवला नाही, एवढंच.

अशा उकिरड्यात एकदा माणिक सापडलं. आषाढ लागला होता. भगवानरावांनी लाल कापडात बांधलेलं एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे कादंबरीचं नाव नाही, लेखकाचं नाही. गोष्ट जानकी नावाच्या मुलीची. तिला एका वकिलाचं स्थळ येतं. सगळं घर हरखून जातं, बस्त्याची बोलणी होतात, आणि जानकी वडिलांसमोर उभी राहून विचारते की ह्या सगळ्यात मला कुणी विचारलं का. मग ती लग्न करत नाही. शाळेत मास्तरीण होते, एकटी राहते, तिच्यावर नाना प्रसंग येतात. कोकिळेनं ते विचारण्याचं पान इतक्या वेळा वाचलं की पुस्तक हातात घेतलं की ते आपलं आपण तिथंच उघडू लागलं.

ह्या कादंबरीला आळणी, कांदा, ठेचा काहीच पुरेना. कोकिळेनं झुंबरबाईला समोर बसवून निरोप पाठ करून घेतला. हे वाच, आणि जानकीबद्दल तुला काय वाटलं तेवढंच मला सांग. पाठ झाला. दोनदा म्हणवून घेतला. कोकिळेला वाटलं, आता ह्यात काय बिघडणार.

पुढच्या बाजाराला झुंबरबाई आली ती म्हणाली, "लावली वं पोथी."

"कोणती पोथी?"

"जानकीची. तूच त पाठवली. उकंडरावानं लावली. आर्धा गाव येते ऐकाले."

खरं काय घडलं ते पुढच्या दोन-तीन बाजारांत, भाजी मोजता मोजता, तुकड्यातुकड्यानं कळलं. सुभद्रा गोठ्याशी बसून वाचत होती. उकंडराव मागून आले. लाल कापडाचं बाड पाहून त्यांनी विचारलं की हे काय. सुभद्रा घाबरली, आणि तोंडाला येईल ते बोलून बसली. जानकीची पोथी, म्हणाली. उकंडरावांचा चेहरा उजळला. चातुर्मास सुरू झालेला, गावात पोथी सांगणारा कोणी नाही, आणि घरातच सातवी पास मुलगी सीतामाईची पोथी घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारीपाजारी सांगून पाठवलं. सुभद्रेला आता बिचारीला वाचल्यावाचून सुटका नव्हती, आणि आहे तसं वाचायची सोय नव्हती. वाचता वाचता ती मनाचं घालून मजकूर बदलत गेली.

झुंबरबाईच्या टोपलीतून आता जानकीबद्दलची मतं येऊ लागली, पण ती सुभद्रेची नव्हती.

"जानकीनं नदीत पाय घातला तवा तानुबाई ढसाढसा रडली."

"नदी? त्यात नदी नाहीच, मावशी."

"हाय तर. म्यां सोता ऐकलं. अन् तो वकील वकील नाही म्हणे. रावण हाय. सोंग घेऊन आला."

"असं कोण म्हणते?"

"सारे म्हणतात. बोलतेच तसा गोड गोड."

कोकिळेनं कपाळावर हात मारला. सुभद्रेचं काय म्हणणं आहे, असं तिनं विचारलं. झुंबरबाई म्हणाली, तिला कुठली फुरसत, ती तर वाचते. पुस्तक परत पाठव, असा निरोप कोकिळेनं दिला. उत्तर आलं की लावलेली पोथी समाप्ती झाल्याबिगर घराबाहेर जात नाही. दुसऱ्यांदा निरोप दिला, तेव्हा पुस्तकाऐवजी प्रसादाची साखर आली.

इकडे शालिग्रामजींनी भगवानरावांना दुकानात गाठलं. मुदत केव्हाच उलटली होती. पोळ्याच्या आत पुस्तक आलं नाही तर कमिटी सभासदाच्या यादीतून नाव काढून टाकील, असं ते फार अदबीनं सांगून गेले. भगवानराव घरी आले आणि जेवायला बसता बसता म्हणाले की गावात अशी शोभा त्यांनी आजवर करून घेतली नव्हती. नाव कापलं तर कापलं. पुन्हा घाला म्हणायला ते काही जाणार नाहीत.

"मंग माह्यी पुस्तकं?" कोकिळेनं विचारलं.

"बंद," ते म्हणाले आणि भात मागितला.

जड का असेना, हलकं का असेना, दुसरा भाग का असेना, बापाच्या हातानं घरात काहीतरी येत होतं. ते थांबलं की तिच्यापाशी राहणार होती ती घरातली एक व्रतांची चोपडी आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

पोळ्याच्या चार दिवस आधी भगवानरावांना पळसखेडला एका शेतकऱ्याकडे कामानं जायचं होतं. कोकिळेनं आईकरवी विचारलं, मग स्वतः विचारलं, आणि अखेर ती दमणीत, बापाच्या छोट्या बैलगाडीत, जाऊन बसलीच. वाटेत भगवानराव एवढंच म्हणाले की काम झालं की बैल जुंपीन, थांबणार नाही.

पळसखेडला ती पोचली तेव्हा उकंडरावांच्या ओसरीवर बायामाणसं जमू लागली होती. पाटावर पुस्तक होतं. लाल कापडावर हळद, हळदीवर कुंकू, आणि पानापानांतून झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या डोकावत होत्या. उघड्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का होता, 'मध्यप्रांत व वऱ्हाड' ही अक्षरं असलेला, आणि त्यावर कुणीतरी नेमका बोटानं टिळा ओढला होता. कोकिळेच्या डोळ्यांपुढं उजेडात पान धरलेले शालिग्रामजी उभे राहिले.

सुभद्रेनं तिला चुलीपाशी ओढून नेलं. किती दिवसांनी भेटत होत्या, पण भेटीचं काही बोलायला वेळ नव्हता.

"काऊन अशी पाहून राह्यली? मी काय मुद्दाम केलं का?" सुभद्रा कुजबुजली. "आज तुह्याबरोबर पुस्तक देते. म्यां सारं ठरवलं. आज समाप्ती करून टाकीन."

"आर्धं त राह्यलं असन अजून."

"राहू दे. जानकी बापाच्या पाया पडते, हो म्हणते, लग्न लागते, फलश्रुती सांगून मोकळी होईन. तू फक्त गुपचूप बस."

कोकिळा गुपचूप बसली. उंबऱ्याजवळ, तानुबाईच्या बाजूला. तानुबाई ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. ती प्रत्येक ओळीला मान डोलवी आणि वकिलाचं नाव निघालं की बोटं मोडी. उकंडराव भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. सुभद्रेचा आवाज पोथीच्या चालीवर छान लागला होता. कोकिळेला कबूल करावं लागलं की ती वाचत होती सुरेख. फक्त जे वाचत होती ते पुस्तकात नव्हतं.

वकिलाचं रीतसर स्थळ आलं. बस्त्याची बोलणी झाली. पुस्तक उघडलेलं होतं ते नेमकं त्याच पानावर, कोकिळेच्या हातांनी सवय लावलेल्या पानावर. बसल्या जागेवरून तिला त्या ओळी दिसत नव्हत्या, पण कुठं काय आहे ते पाठ होतं. आता जानकी वर बघते. आता ती बोलते.

"मंग जानकीनं पदर घेतला," सुभद्रा वाचू लागली, "पित्याच्या चरणावर माथा ठेवला अन् म्हणे, तुमी द्याल तिकडे मी जाईन..."

"असं नाही त्यात," कोकिळा म्हणाली.

ती हे बोलली हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं. ओसरीवरच्या सगळ्या माना वळल्या. सुभद्रेनं डोळे मोठे केले. उकंडरावांनी डोळे उघडले.

"पोथीत चूक काढते का पोरी?"

"पोथीत नाही काका. वाचण्यात."

"तुले काय मालूम?"

"म्यां वाचली हाय. माह्याच घरून आली."

आता गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पुस्तक हाताशी होतं, दमणी दाराशी येणार होती. पण तिच्या जानकीला तिच्या डोळ्यांदेखत पाया पडायला लावलं होतं, आणि ते काही तिच्यानं गिळवेना. उकंडरावांनी पाटाकडे बोट दाखवलं. म्हणाले, मंग तूच वाच.

कोकिळा पाटापुढं बसली. चाल तिला येत नव्हती. ती शाळेत धडा वाचावा तशी सरळ वाचत गेली.

"'बाबा, तुम्ही सगळ्यांना विचारलंत. भटजींना विचारलंत, मामांना विचारलंत, शेजारच्या काकांनासुद्धा विचारलंत. मलाच तेवढं विचारायचं राहिलं.' जानकीचा आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही."

ती पान संपेपर्यंत वाचत राहिली. शेवटी तानुबाईनं विचारलं, "अन् राम कधी येते?"

"राम येत नाही, आजी. ही ती जानकी नव्हे. ही मास्तरीण हाय."

"अन् रावण?"

"तो वकीलच हाय."

उकंडराव उठून बसले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. सुभद्रा पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होती. नावेल आहे, असं ती इतक्या हळू म्हणाली की तिला दोनदा सांगावं लागलं.

"नावेल," उकंडराव म्हणाले. "अन् म्यां हिच्यापायी वांगं सोडलं. कांदा सोडला."

कुणीतरी हसलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. मग पुरुषांत आणि बायांत बोलाचाली सुरू झाली. कुणी म्हणे, पुस्तक उचला आणि फेका. तानुबाई म्हणे, फेकता कसे, त्या पोरीचं पुढं काय झालं ते कोण सांगणार. एका बाईचं म्हणणं, बापानं काय उत्तर दिलं तेवढं तरी ऐकू द्या. कोकिळेला वाटलं, आता उकंडराव चिडून पुस्तक अंगावर टाकतील, आणि तिला तेच हवं होतं. फेकलेलं पुस्तक उचलून घरी नेता येतं.

उकंडरावांनी पानांतून निसटलेली एक पाकळी उचलून परत ठेवली. अखेर म्हणाले, "देवाची असो नाहीतर नसो. माह्या ओसरीवर लावली, हळदकुंकू वाह्यलं. लावलेली पोथी आर्ध्यात उठत नाही."

"पण काका, हे वाचनालयाचं..."

"अन् चुकीची वाचलेली पोथी फळत नाही. ती पयल्यापासून वाचा लागते." ते सुभद्रेकडे वळले. "उद्यापासून जसं लिवलं तसं वाचजो. नदी नको घालू."

त्यांनी स्वतःच्या हातानं पुस्तक मिटलं, लाल कापड सारखं केलं आणि ते देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवलं. एका वाचनालयाची एक कादंबरी, आणि तिला आता घंटेचा नि समईचा पहारा. कोकिळेनं तोंड उघडलं नसतं तर ती कादंबरी आता तिच्या मांडीवर असती. चूक कुणाची म्हणून चिडावं, तर सगळ्यांत आधी तिचंच नाव येत होतं, आणि म्हणून ती जास्तच चिडली.

बाहेर दमणी आली. भगवानरावांनी हाक मारली. सुभद्रा तिला पोचवायला वेशीकडे निघाली. दोघी काही वेळ रागातच चालल्या. सुभद्रेचं म्हणणं, आता अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागणार ते कोकिळेमुळं. कोकिळेचं म्हणणं, पोथी म्हणायला कुणी सांगितलं होतं, व्रतांची चोपडी म्हणाली असतीस तरी चाललं असतं. सुभद्रा म्हणाली, बाप मागं उभा असता तर तुला सुचलं असतं का. कोकिळा दमणीत चढून बसली. भगवानरावांनी कासरा सैल केला.

मग तिला आठवलं की आपण इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते विचारलंच नाही.

"निदान सांग त, तुले जानकी कशी वाटली?"

सुभद्रा दमणीबरोबर चालू लागली. "खरं सांगू?"

"सांग."

"राग नको येऊ देऊ. मले त तो वकीलच आवडला."

"काय?"

"बिचारा पयल्यापासून नीट बोलते. बापानं तिले नाही इचारलं, कबूल. पण तिनं तरी त्याले कुठं इचारलं का बा तुले काय वाटते? परस्पर नाही म्हणून मोकळी."

बैलांनी पाऊल उचललं. कोकिळा मागं वळून गुडघ्यांवर उभी राहिली आणि जानकीला दुसरा मार्गच कसा नव्हता हे मोठ्यानं सांगू लागली. सुभद्रा पळत पळत नाही नाही करत होती. तिनं लांबूनच हात हलवून आणखी काहीतरी सांगितलं, वकिलाच्या आईबद्दल, पण चाकांच्या आवाजात ते गेलं. भगवानरावांनी कोकिळेला खाली बसवलं.

गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "पुस्तक घेतलं का?"

"नाही."

"पोळा चार दिवसावर हाय."

"हाव."

त्यांनी बैलांना चुचकारलं. मग म्हणाले, "शालिग्रामजीले मी काही सांगणार नाही. मले लाज वाटते."

"मीच येईन सांगाले," कोकिळा म्हणाली.

भगवानरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वाचनालयाच्या पायऱ्या चढलेली मुलगी चिखलीत त्यांनी पाहिली नव्हती. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि तिनंही तो विषय पुन्हा काढला नाही. खरं तर तिचं तिकडं लक्षच नव्हतं. शालिग्रामजींना काय सांगायचं हे ठरवायला वाट पुष्कळ पडली होती. त्याआधी सुभद्रेला काय सांगायचं ते ठरवायला हवं होतं. जानकीचं पान तिला शब्द न् शब्द येत होतं. पण तो वकील कुठं नीट बोलतो, कोणत्या पानावर, काय बोलतो, हे काही केल्या आठवेना. तिनं ती पानं भरभर उलटली होती. आता बघायला पुस्तक नव्हतं.